ईस्टरच्या ताटाला ओव्हन कशाला?

महोदय,

गुड फ्रायडेला आपल्या अंकासोबत आलेल्या पुरवणीत ‘ईस्टर स्पेशल’ असं एक पान होतं. पाच पदार्थ. त्यातल्या चारांची कृती “ओव्हन १८० अंशांवर तापवून घ्या” इथूनच सुरू होत होती. पाचवा पदार्थ, चॉकलेटचं पुडिंग, ‘नो बेक’ म्हणजे न भाजता करायचा म्हणून दिला होता आणि तो “रूम टेम्परेचरला दोन तासांत सेट होतो” असं सांगून लेखिका मोकळ्या झाल्या होत्या. कुठल्या रूमचं टेम्परेचर? आमच्या चरईतल्या स्वयंपाकघरात भिंतीला थर्मामीटर लावलेला आहे. वागळे इस्टेटमध्ये टूलरूमला, म्हणजे कारखान्याच्या साचे-हत्यारं बनवणाऱ्या खात्यात, आयुष्य गेलं, त्यामुळे मोजल्याशिवाय मला चैन पडत नाही. त्या दुपारी पंखा चालू असताना तो ३४ दाखवत होता. कोको बटर वितळतं तेही साधारण ३४ अंशांनाच. म्हणजे आपण छापलेलं ते चॉकलेट ठाण्यात घट्ट व्हायचं सोडाच, ट्रेच्या कडेवरून खाली यायचं.

माझा खरा आक्षेप मात्र तापमानाचा नाही. ते पान वाचून कोणालाही वाटेल की ईस्टरचं गोडधोड म्हणजे ओव्हन, आणि ओव्हन नसेल तर ‘नो बेक’ नावाची तडजोड. आम्ही ठाण्याचे ईस्ट इंडियन ख्रिस्ती. गोव्याचे नव्हे, इथलेच, घरात मराठी बोलणारे. आमच्या ईस्टरच्या ताटातलं बहुतेक सगळं चुलीवर आटवलेलं, पाट्यावर वाटलेलं आणि साच्यात दाबलेलं असायचं. बदाम-साखरेच्या मार्झिपानची अंडी, दूध आटवून केलेलं मिल्क क्रीम, खोबऱ्याची टॉफी, नाताळात करून डब्यात राखून ठेवलेली पेरूची चीज, म्हणजे पेरूचा गर आटवून केलेली वडी. यातल्या एकालाही ओव्हन लागत नाही. भाजायचा पदार्थ म्हणजे थाळी स्वीट, थाळीतला रव्याचा केक, आणि त्यालाही आमची आई वर-खाली निखारे ठेवायची. घरात ओव्हन आला तो मुलीच्या लग्नाच्या सुमाराला, आणि आज त्यात तवे ठेवलेले असतात.

शेजारच्या वहिनींनी आपलं पान वाचून फोन केला तेव्हा मला पहिल्यांदा राग आला. “भावजी, यंदा तुमच्यासाठी मी काहीतरी करणार होते, पण ओव्हन नाही हो आमच्याकडे.” गंमत बघा, यंदा २ एप्रिलला हनुमान जयंती आणि आमचा आज्ञा गुरुवार, म्हणजे गुड फ्रायडेच्या आदला दिवस, एकाच दिवशी आले. सकाळी वहिनींकडून सुंठवडा आला होता. ज्या बाईच्या हाताला सुंठवडा, काजू कतली आणि नारळाच्या वड्यांची सवय आहे, तिला आपल्या पुरवणीने सांगितलं की तुला ईस्टरचा पदार्थ जमणार नाही. मी त्यांना घरी बोलावलं आणि शनिवारी दुपारी आमच्या ओट्यावर मार्झिपान करून दाखवलं. तेच इथे लिहितो. पानावर जागा नसेल तर बाकीचं पत्र काटा, हा परिच्छेद ठेवा.

अर्धा किलो बदाम गरम पाण्यात टाकून सोलायचे. बदामाचा भाव बघून छातीत धस्स होत असेल तर निम्मे काजू घ्या, आमच्यात पुष्कळ घरी घेतात. सोललेले बदाम कापडावर पसरून पंख्याखाली पुरते सुकवायचे. मग मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवायचे, मधे गुलाबपाण्याचा शिपका द्यायचा. मिक्सर सलग चालवला की भांडं तापतं, बदामाला तेल सुटतं आणि गोळा तेलकट होतो. तो मग साच्यात नक्षी धरत नाही. चारशे ग्रॅम साखरेचा एकतारी पाक करायचा, त्यात ही पूड घालून जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर हलवत राहायचं. हलवणं एकाच दिशेने करा असं आई सांगायची. ते का, हे तिलाही ठाऊक नव्हतं आणि मी दोन्ही दिशांनी हलवतो. मिश्रण कढईच्या कडा सोडून मध्ये जमायला लागलं की चिमूटभर काढून वळून बघायचं. गोळी वळली आणि बोटाला चिकटली नाही की गॅस बंद. जरा कोमट झाल्यावर हाताला तूप लावून मळायचं. पूर्वी यात अंड्याचं पांढरं घालत. ते चांगलं शिजलं तर चालतंही, पण आमची निम्मी ताटं शाकाहारी घरांत जातात म्हणून आम्ही ते बंद केलं आणि चवीत कोणाला फरक कळलेला नाही.

अंड्याचा साचा मी स्वतः अॅल्युमिनियममध्ये काढलेला आहे. दोन वाट्या, आतून बारीक पॉलिश केलेल्या, एकीच्या तळाला लिलीच्या फुलाची रेघ कोरलेली. ती रेघ कोरायला अख्ख्या साच्यापेक्षा जास्त वेळ लागला. आपल्याकडे लेथ नसणार हे मला कळतं. क्रॉफर्ड मार्केटात तयार साचे मिळतात, आणि तेही नको असतील तर दोन खोलगट चमचे पुरतात. वाटीला तुपाचं बोट फिरवायचं, गोळा दाबायचा, कडेची जास्तीची मार्झिपान सुरीने सपाट कापायची आणि वाटी ओट्यावर हलकेच आपटायची. दोन अर्धी गुलाबपाण्याच्या बोटाने जोडायची. रंग हवा तर बिटाचा रस नाही तर केशर, तोही मळतानाच. आणि हे फ्रिजमध्ये ठेवू नका. खाडीवरच्या दमट हवेत फ्रिजमधून काढलेल्या मार्झिपानला घाम फुटतो आणि नक्षी पुसली जाते. मलमलच्या कापडाखाली एक रात्र ठेवली की वरून कोरडी, आतून मऊ राहते.

वहिनींनी पहिलंच अंडं माझ्यापेक्षा सुबक काढलं. कतलीचा हात, दुसरं काय.

आता चॉकलेटकडे येतो, कारण मुलांना तेच हवं असतं. अंड्यांची प्रथा चॉकलेटच्या फार आधीची. ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात जुन्या युरोपात अंडी वर्ज्य असत. कोंबड्या काही उपवास धरत नाहीत, त्यामुळे अंडी साठत आणि ईस्टरला रंगवून वाटली जात. चॉकलेटचं पोकळ अंडं इंग्लंडात १८७३ साली ब्रिस्टलच्या फ्राय कंपनीने काढलं, दोन वर्षांनी कॅडबरीनेही. त्याच कॅडबरीच्या कारखान्यावरून आपल्या हायवेवरच्या जंक्शनला नाव पडलं, हे ठाण्यातल्या नव्या पोरांना माहीतही नसतं. पण ब्रिस्टलचा मार्च-एप्रिल वेगळा आणि आपला वेगळा. खऱ्या चॉकलेटला चकाकी आणि कटकन तुटणारा पोत हवा असेल तर ते वितळवून आधी २७-२८ अंशांपर्यंत थंड करावं लागतं, मग पुन्हा ३१-३२ वर आणावं लागतं. ज्या खोलीची हवाच ३४ अंश आहे तिथे ते २७ ला कसं येणार? एसी असेल तर करा. नाही तर कम्पाउंड घ्या, त्यात कोको बटरऐवजी दुसरी वनस्पती चरबी असते, ती सहसा जरा जास्त उष्णता सोसते. चवीला कमी, पण उभं राहतं. पाकिटावरची बारीक अक्षरं वाचली की आपण दोन्हींपैकी काय घेतलंय ते कळतं. दुकानदार दोन्हींना चॉकलेटच म्हणतो.

हे सगळं न बघितल्याचा परिणाम मी याच गुड फ्रायडेला पाहिला. घोडबंदर रोडला मुलगी राहते, तिच्या संकुलात मुलांसाठी ‘एग हंट’ आणि मोठ्यांसाठी ‘ईस्टर डेझर्ट स्प्रेड’ ठेवला होता. सकाळी अकराला. चमकी कागदातली अंडी बागेतल्या झाडांच्या बुंध्याशी लपवलेली. माझ्या नातीने पहिलं अंडं उचललं तर ते तिच्या मुठीत चपटं झालं. कागद सोडवला तेव्हा आतला गोळा कागदालाच राहिला आणि तिने तो कागद चाटला. पुढची अंडी शोधायला मुंग्यांची रांग पकडली की पुरे होतं. क्लबहाऊसमध्ये टेबलावर नो बेक चीजकेक होता. त्याखालचा बिस्किटचुरा बटरने बांधलेला, आणि बटर ३२-३५ अंशांना पातळ होतं. पहिल्या दोन तुकड्यांनंतर लोक तो चमच्याने वाटीत घेत होते. त्यालाच खजुराचा आधार दिला असता तर? बिया काढलेला खजूर आणि भाजलेल्या काजूची भरड एकत्र मळून टिनमध्ये थापायची, बटर नाही, साखर नाही, उन्हातही तुकडा सरळ निघतो.

आणि दिवसाबद्दल. गुड फ्रायडे आमच्या उपवासाचा दिवस. त्या दिवशी प्रभूच्या दुःखसहनाचा विधी असतो, गोड कोणी करत नाही. संकुलाच्या कमिटीने सुट्टी बघून दिवस ठरवला, त्यांना माहीत नव्हतं, मुलीने समजावल्यावर पुढच्या वर्षी रविवारी ठेवू म्हणाले. पण आपण तर वर्तमानपत्र. त्याच शुक्रवारी आपण आमच्या मेजवानीचं पान काढता आणि कोपऱ्यात शुभेच्छाही देता, तेव्हा बोचतं. ठाण्याचे ख्रिस्ती काही काल आलेले नाहीत. फ्रान्सिस्कन धर्मगुरूंना ठाण्यात मारलं गेलं ते १३२१ साली, पोर्तुगीज यायच्या कितीतरी आधी; मासुंदा तलावाकाठचं सेंट जॉन बॅप्टिस्ट चर्च पोर्तुगीज काळापासूनचं. इतक्या जुन्या शेजाऱ्याचा उपवास कधी आणि पारणं कधी, एवढं तरी संपादकीय खात्यात कोणी विचारून घ्यावं.

एक गोष्ट राहिली. ती नसती तर मी हे पत्र कदाचित टाकलंही नसतं. आपल्या पाचव्या कृतीत जिलेटीन आहे आणि वर हिरवा ठिपका. जिलेटीन प्राण्यांची हाडं आणि कातडीपासून काढतात. आमच्या इमारतीत जैन कुटुंबं आहेत, ती आमच्याकडचं ताट विश्वासाने घेतात. कोणी आपल्या हिरव्या ठिपक्यावर भरवसा ठेवून ते पुडिंग पुढे केलं असतं तर तोंड कुठे दाखवायचं? बरं, हट्ट धरून जिलेटीन घातलं तरी आपल्या हवेत ते तिशीच्या पुढे सैल पडायला लागतं. किराणा दुकानात चायनाग्रास मिळतं, ते समुद्री शेवाळातून निघतं, फ्रिजबाहेरही गोठतं आणि एकदा गोठलं की पुन्हा पातळ व्हायला उकळत्या पाण्याच्या जवळ जावं लागतं. लिटरभर शहाळ्याच्या पाण्याला १० ग्रॅम चायनाग्रास. निम्म्या पाण्यात ते भिजवून, पूर्ण विरघळेपर्यंत उकळायचं, साखर घालायची, मग उरलेलं साधं शहाळ्याचं पाणी मिसळायचं. ते थंडगार असू नये, नाही तर ओतता ओतता गुठळ्या होतात. या दिवसांत ताडगोळे यायला लागतात. सोलून त्यांच्या पाकळ्या करायच्या, काचेच्या वाट्यांत ठेवायच्या आणि वरून हे ओतायचं. शनिवारी रात्री चर्चमधल्या मिस्साला जायच्या आधी दहा मिनिटांत होतं आणि लाईट गेली तरी बिघडत नाही. एप्रिलमध्ये लाईट कधी जाईल याचा भरवसा कोणी द्यावा?

मुलांच्या हाताला काम हवं असेल तर शेवयांची घरटी. शेवया तुपात खमंग भाजायच्या, गॅस बारीक करून कंडेन्स्ड मिल्क आणि चमचाभर कोको, ओलसर झालं की उतरवायचं, तूप लावलेल्या वाट्यांत दाबून मधे अंगठ्याने खळगा. थंड झाल्यावर आमच्या मार्झिपानची छोटी अंडी त्यात. हे एकच काम पोरं न भांडता करतात.

मोठ्यांच्या टेबलाला काहीतरी भारदस्त हवं असेल तर पास्खा. रशियात ईस्टरला हा न भाजता करतात. ताजं गाळलेलं चीज, लोणी, साखर, मनुका, आणि हे सगळं वर निमुळत्या होत जाणाऱ्या लाकडी साच्यात वजनाखाली दाबून ठेवतात. येशूच्या कबरीची आठवण म्हणून तो आकार. आपल्याकडे त्याचं निम्मं काम गवळ्याने करून ठेवलेलं असतं. यंदा पाडवा १९ मार्चला झाला. श्रीखंडाचा चक्का ठाण्यातल्या कुठल्याही डेअरीत मिळत होता. नुसता चक्का मात्र आंबट होतो, म्हणून दोन भाग घरचं ताजं पनीर आणि एक भाग चक्का. दोन्ही मिळून पाऊण किलो असेल तर शंभर ग्रॅम लोणी, दीडशे ग्रॅम पिठीसाखर, वेलची, मनुका, संत्र्याच्या सालीचा कीस. पुरणयंत्रातून किंवा चाळणीतून घासून काढायचं, हे टाळू नका, रवाळ राहिलं तर मजा जाते. साच्याला आमच्या घरी नवी कोरी मातीची कुंडी, धुऊन वाळवलेली, तळाला भोक असतंच. आत ओलं मलमल, वर ताटली, ताटलीवर खलबत्ता, आणि कुंडी परातीवर टेकवून रात्रभर फ्रिजमध्ये. सकाळी परातीत पाणी निथळलेलं असतं. उलटी केली की मलमलच्या सुरकुत्यांसकट पांढरा डोंगर उभा. हा मात्र टेबलावर तासाभरापेक्षा जास्त ठेवू नका, दुधाचा पदार्थ आहे. निम्मा कापा, निम्मा आत.

वसईला आपले लोक असतील तर आगाशीकडची सुकेळी मागवा. राजेळी केळी उन्हात वाळवून पानात बांधलेली. उभी चिरून मधे मार्झिपानची वात भरली आणि तिरके काप केले की झालं. इथे गॅसही नको.

तेव्हा विनंती अशी. ईस्टरचं पान काढताना एकदा चरई, माजिवडा किंवा वसईच्या कोणत्याही गावठाणात माणूस पाठवा. माझ्या वयाच्या बायका तिथे अजून आहेत, ज्यांना मिल्क क्रीम कितपत आटवायचं हे वासावरून कळतं. त्यांचे पदार्थ छापा. आणि जे छापाल ते एकदा ठाण्याच्या हवेत, पंख्याखाली करून बघा. पुढच्या वर्षी घाई करावी लागेल. ईस्टर वसंतातल्या पौर्णिमेनंतरच्या रविवारी येतो, त्यामुळे तो २२ मार्च ते २५ एप्रिलमध्ये कुठेही फिरतो. २०२७ मध्ये तो २८ मार्चला आहे, होळीच्या पाठोपाठ. पाडवा त्यानंतर. म्हणजे दुकानात तयार चक्का मिळेलच असं नाही, डेअरीत आधी सांगून ठेवावं लागेल हेही पानात लिहा. आणि पान शनिवारच्या अंकात टाका.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त कामगार,
चरई, ठाणे (प.)

ता. क. हिरव्या ठिपक्याची दुरुस्ती मात्र पुढच्या वर्षावर ढकलू नका. याच आठवड्यात, त्याच पुरवणीत, त्याच आकाराच्या अक्षरांत छापा. ते पान लोकांनी कापून ठेवलं असणार.